संगीचे खडे

ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा मी आत्याच्या ओट्यावर उभी होते आणि माझ्या हातात सातवीचं इंग्रजीचं पुस्तक होतं. निरोप द्यायला पुस्तक घेऊन कशाला आले होते, ते आता नीट सांगता येत नाही. मी मागं का थांबले आहे हे सगळ्यांना दिसावं, असं बहुतेक मला वाटत होतं. ट्रॉलीत माय होती, दादा म्हणजे आमचे वडील होते, गावातली आणखी सात-आठ जोडपी होती. पत्र्याच्या पेट्या होत्या, पिठाची गाठोडी होती, डालग्याखाली कोंबड्या होत्या, आणि या सगळ्यावर चढून बसली होती माझी धाकटी बहीण संगी. ती नऊ वर्षांची, मी बारा. आपण जत्रेला चाललोय असं तिला वाटत होतं. वळणापर्यंत ती मला हात करत राहिली आणि मी पुस्तक छातीशी धरून नुसती बघत राहिले.

बाहेर पडलेला माणूस आठवणी लिहायला बसला की आधी स्वतःचं निघणं सांगतो. माझं निघणं पुढं दहा वर्षांनी झालं, चौसाळ्याच्या फाट्यावरून, रीतसर पेटी घेऊन. मायनं डोळे पुसले, दादांनी कंडक्टरला पोरीकडं लक्ष द्यायला सांगितलं. पण ते सांगून उपयोग नाही. मी घरातून निघाले ती खरी ट्रॅक्टरच्या दिवशी, जागेवरून न हलता. माझ्याआधी संगीला पाठवून दिलं होतं आणि तिच्या जाण्यावर माझं जाणं बांधलेलं होतं. गावाकडच्यांना हे ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून त्यांनी ते कधी ऐकलेलं नाही. म्हणून हे लिहितेय.

त्या साली ओळीनं दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. आमचं गाव लिंबागणेशच्या पुढं, डोंगराला लागून. दिवाळीलाच विहिरींनी तळ दाखवला. गुरं छावणीत गेली, तशी सहकारी डेअरीची खोलीही बंद पडली. एरवी सकाळी किटल्या घेऊन जिथं रांग लागायची तिथं कुत्री झोपू लागली. आपल्या भागातल्या सहकारी कारखान्याला गाळायला ऊसच नव्हता. मग मुकादमानं ऊसतोडीची टोळी कर्नाटकातल्या एका सहकारी कारखान्यावर न्यायची ठरवली. तिकडं कालव्याला पाणी होतं आणि ऊस उभा होता.

मायला दिवस गेले होते. कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या पाचटाच्या झोपडीत, चूल बघायला, पाणी आणायला कुणीतरी लागणार होतं, तेव्हा दोघींपैकी एकीला न्यायचंच होतं. दादा विहारासमोरच्या पारावर बसून म्हणाले, "एकीनं तरी शिकलं पायजे. आमचं काय, आमी कोयत्याचे." कोणती एक, ते कुणी विचारलं नाही. माझा वर्गात पहिला नंबर यायचा. संगी तिसरीत होती आणि पाटीवर लिहिण्यापेक्षा पाटी वाजवायची. मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

आमच्या वस्तीतल्या पोरींना शाळेत बोलण्यावरून ऐकून घ्यावं लागायचं. "हाय", "न्हाई", "कावून" असं तोंडातून आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी तसंच बोलून दाखवायचं. मी पाचवीतच ठरवलं की आपण पुस्तकासारखं बोलायचं. आत्याच्या घरी पाणी मागतानाही मी "मला पाणी हवं आहे" म्हणायचे. आत्या म्हणायची, ही कलेक्टरीण कुठून आली. पण तिला आतून बरं वाटायचं. दादांनाही वाटायचं. भाषा म्हणजे धुऊन काढायची गोष्ट, असं माझ्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं.

टोळी भीमजयंतीच्या तोंडावर परत आली. मायच्या कडेवर दोन महिन्यांचा मिलिंद होता, तिकडं कोपीतच जन्मलेला. संगी रापून काळीठिक्कर झाली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. तिनं एका हंगामात कन्नड उचलली होती. शिकली असं म्हणता येणार नाही, कारण तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ऊस तोडल्यावर शेंड्याचं हिरवं वाढं उरतं, ते टोळीतल्या बाया गुरांसाठी विकतात नाहीतर कशाच्या तरी बदल्यात देतात. संगी वाढ्याची पेंढी डोक्यावर घेऊन कालव्यापलीकडच्या गंगव्वाच्या दारात जायची आणि तांब्याभर ताक घेऊन यायची. पहिले पंधरा दिवस ती म्हणे नुसती उंबऱ्याशी बसून राहायची. गंगव्वा म्हशीशी बोलायची, सुनेशी बोलायची, संगीशीही बोलायची, आणि उत्तराची वाट बघायची नाही. मग एक दिवस संगीनंच ताकाला मज्जिगे म्हटलं. गंगव्वानं तांब्या काठोकाठ भरून दिला.

हे सगळं ती मला येईल तसं सांगत होती, निम्मं मराठी, निम्मं कन्नड. पाणी म्हणायच्या जागी नीरु. बोटांवर ओंदु, एरडु, मूरु. मिलिंदला झोपवताना गंगव्वाच्या सुनेचं गाणं म्हणायची. वस्तीतल्या बाया तिला मुद्दाम बोलायला लावायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यात वाईट काही नव्हतं, कौतुकच होतं. मला मात्र शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. मी एवढं घासून घर स्वच्छ केलं आणि ही कुठून चिखलाचे पाय घेऊन आली, असं वाटायचं.

तिची तिसरी बुडाली होती. गुरुजींनी सांगितलं, जूनमध्ये नीट वाचून दाखवलं, विचारलेलं नीट सांगितलं, तर चौथीत बसवतो. मी दादांना म्हणाले, मी करते तिची तयारी. दादा वस्तीभर सांगत सुटले की मोठी धाकटीला शिकवतेय. माझ्या शिक्षकीची सुरुवात तिथून झाली. आज माझ्या नावापुढं पदव्या आहेत, पण माझी पहिली विद्यार्थिनी संगी, आणि तिच्यावर मी वापरलेली पद्धत मी स्वतः शोधून काढलेली होती.

पद्धत अशी. तुपाचा एक रिकामा डबा कोनाड्यात ठेवला. संगीनं दिवसात जेवढे कन्नड शब्द काढले तेवढे खडे त्या डब्यात टाकायचे. खडा तिनंच शोधून आणायचा, तिनंच टाकायचा. दिवे लागायच्या आधी डबा ओतून खडे मोजायचे आणि एकेका खड्याला दहा वेळा शुद्ध मराठी शब्द पाटीवर लिहायचा. ते होईपर्यंत खेळायला जायचं नाही. पुढं मी "हाय" आणि "न्हाई" यांनाही खडा लावला. पहिल्या दिवशी तेवीस खडे निघाले. संगी हसली. तिला तो खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी ती रडली. गाण्याला किती खडे, हे ठरवताना मी गाण्यातले सगळे शब्द मोजले होते.

टँकरच्या रांगेतही मी तिच्यामागं उभी राहून कान देत असे. मिलिंदला थोपटताना ती नुसती हूं हूं करू लागली. तिसऱ्या आठवड्यात डबा रिकामा निघाला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही रिकामा. मी तो डबा मायसमोर उपडा करून दाखवला. मला शाबासकी हवी होती. माय भाकरी थापत होती. तिनं डब्याकडं बघितलं, संगीकडं बघितलं आणि म्हणाली, "पोरगी बोलंना कावून गं?"

मी म्हणाले, ती आता विचार करून बोलते.

जूनमध्ये गुरुजींनी संगीला धडा वाचायला सांगितला. तिनं पुस्तक उघडलं आणि उघडंच धरून ठेवलं. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, पाण्याला काय म्हणतात विचारलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी खिडकीबाहेर उभी होते. तिच्या ओठांवरून मला कळलं, की पाण्याचे दोन्ही शब्द तिच्या तोंडात आलेत आणि दोन्हीची तिला भीती वाटतेय. गुरुजी वाईट माणूस नव्हते. पोरगी मंद आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. त्यांनी तिला दुसरीत बसवलं, तिच्या कमरेएवढ्या पोरांत. दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला तेव्हा तिला कुणी चढ म्हणायची गरज पडली नाही. ती आपणहून चढून बसली, आणि या खेपेला तिनं हात केला नाही.

तिचं पुढचं सांगायला फार ओळी लागत नाहीत. सोळाव्या वर्षी तलवाड्याच्या घरात लग्न, नवऱ्याबरोबर कोयता, तीन लेकरं. माझं सांगायला मात्र पानं पुरणार नाहीत. बीडचं कॉलेज, औरंगाबादचं विद्यापीठ, मग बंगलोर. इथं मी एका संस्थेत शिक्षकांना शिकवते. ज्या मुलांच्या घरी इंग्रजीचा गंध नाही त्यांना ती भाषा कशी शिकवावी, हा माझा विषय. मी सांगते, की दुसरी भाषा शिकणारं मूल आधी बराच काळ नुसतं ऐकतं आणि त्या गप्प राहण्याला ढोसू नये. चूक सापडली म्हणून लगेच बोट ठेवू नये. घरची भाषा वर्गाबाहेर काढायला लावू नये. बोलण्याची खरी गरज असेल आणि हसणारं कुणी नसेल, तर भाषा आपल्या पायानं येते. हे मी पुस्तकांत वाचलं तेव्हा पानापानावर मला गंगव्वाचा उंबरा दिसत होता आणि डबाही दिसत होता.

त्याहून वाईट पुढं आहे. दरवर्षीच्या प्रशिक्षणात मी एका मुलीची गोष्ट सांगते. दुष्काळी भागातली, ऊसतोड कामगारांची मुलगी, वाढं देऊन ताक घेता घेता एका हंगामात नवी भाषा कशी बोलायला लागली. लोक वहीत उतरवून घेतात. चहाच्या सुट्टीत येऊन सांगतात, की मॅडम, अंगावर काटा आला. कुणी विचारतं, त्या मुलीचं पुढं काय झालं. मी म्हणते, माहीत नाही. ती माझी बहीण आहे हे मी एकदाही सांगितलेलं नाही, आणि गोष्ट मी ताकापाशीच थांबवते.

नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत घरी गेले होते. माय अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. बोलता बोलता मिलिंदच्या जन्माचा विषय निघाला आणि मला तोवर माहीत नसलेलं तिनं सांगून टाकलं. त्या दिवशी गडी माणसं गाडी भरायला गेली होती, बाया उसाच्या फडात होत्या. कोपीत माय आणि संगीच होत्या. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि रक्त थांबेना. संगी कालव्यावरून पळत गंगव्वाकडं गेली आणि काय झालंय, किती वेळ झालाय, किती रक्त गेलंय, सगळं तिला तिच्या भाषेत सांगितलं. गंगव्वानं बैलगाडी जुंपली, गावातल्या नर्सला बरोबर घेतलं. नर्स जे विचारत होती ते संगी मायला सांगत होती, माय म्हणत होती ते नर्सला. नऊ वर्षांची पोर.

माय म्हणाली, "संगीला तिकडची बोली येत नसती ना, तर मी तितंच सरले असते. मिलिंदबी."

मी विचारलं, मग मी खडे टाकायला लावत होते तेव्हा तू का बोलली नाहीस. मायनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तू शाळेत जाणारी. मला वाटलं, शाळेला चालत नसंल तसलं."

ज्या भाषेनं माझी आई वाचली, तिचे शब्द मी डब्यात मोजून पुसून काढले होते. तलवाडा तिथून काही लांब नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन संगीला भेटता आलं असतं. मी रजा संपली म्हणून बंगलोरला निघून आले. मग माय गेली, दादा गेले. अंत्यविधीला, लग्नांना संगी भेटायची, माझ्या हातावर पोळी ठेवायची, "आक्का, खा" म्हणायची. माझ्यासमोर ती नेहमीच कमी बोलायची. तिचा स्वभावच तसा, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

मला स्वतःला बंगलोरमध्ये अठरा वर्षं होऊनही कन्नड आली नाही. "कन्नड गोत्तिल्ला" म्हणजे कन्नड येत नाही, एवढं एकच वाक्य मी सफाईनं बोलते. कामावर इंग्रजी चालते, भाजीवाला हिंदीवर भागवतो. वेळ नाही, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे तोंड उघडलं आणि चुकलं तर, याची मला या वयातही भीती वाटते. खडे मीच गोळा करायला लावले होते, आणि ते कसे मोजतात हे मला चांगलं माहीत होतं.

गेल्या वर्षी माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. संगी महिनाभर माझ्याकडं येऊन राहिली. आल्या दिवशीच तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला, परातीत ज्वारीचं पीठ ओतलं, माझ्या फडताळातले डबे पुसून काढले. आम्ही दोघी दिवसभर घरात असायचो आणि बोलायला काही नसायचं. औषध घेतलं का, दुखतंय का, एवढंच. बाराव्या दिवशी मी पहिल्यांदा काठी घेऊन जिना उतरले. वॉचमनची बायको शिवम्मा रायचूरकडची आहे. तिची खोली जिन्याखालीच. अर्ध्या जिन्यावर मला हसणं ऐकू आलं. मोठं, पोटातून आलेलं. ते कुणाचं, हे कळायला मला दोन पायऱ्या लागल्या. संगी शिवम्माच्या दारात पाय पसरून बसली होती, मांडीवर मेथीची जुडी, आणि ती कन्नड बोलत होती. सुसाट बोलत होती. हातवारे करत, मध्येच गाण्याची ओळ घेत, शिवम्माच्या खांद्यावर चापट मारत. कर्नाटकातल्या फडांवर दर हंगामाला ती भाषा तिच्याबरोबर राहिली होती. फक्त माझ्यापर्यंत कधी आली नव्हती.

तेवढ्यात तिनं मला बघितलं आणि वाक्य तिथंच टाकलं. मेथी ओच्यात गोळा केली, उठून उभी राहिली आणि पुस्तकासारख्या मराठीत म्हणाली, "तू खाली का आलीस? मला हाक मारायची होतीस."

वर आल्यावर मी तिला विचारलं, मला बघून गप्प का झालीस. ती भाकरीचं पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "तुला आवडत न्हाई ना."

मग "न्हाई" म्हटलं म्हणून क्षणभर थांबली. पंचेचाळिशी ओलांडलेली, सुना आलेली माझी बहीण. मी खुर्चीत बसले आणि मला रडू कोसळलं. मी तिला सगळं सांगितलं. डबा सांगितला, जो तिला माझ्यापेक्षा जास्त आठवत होता. मायनं शेंगा फोडताना काय सांगितलं ते सांगितलं. प्रशिक्षणातली गोष्टही सांगितली, टाळ्यांसकट. माझं चुकलं, संगे, असं म्हणाले. ती पीठ मळत राहिली. मळून झाल्यावर हात धुतले आणि म्हणाली, "खडे टोचायचे न्हाईत गं. तू मोजायचीस, ते टोचायचं." माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर तिनं लगेच देऊन टाकली असती.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, मला कन्नड शिकव. ती पदर तोंडाला लावून हसली, वस्तीतल्या बायांसारखी. "मला कुठं येतंय शिकवाया. तू आमच्यात बस नुसती."

म्हणून मी बसू लागले. रोज चार वाजता, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, ऑपरेशनचा पाय लांब करून. त्या दोघी बोलायच्या आणि मी शेंगा मोडायचे, लसूण सोलायचे. माझ्याकडं कुणी उत्तर मागत नव्हतं. शिवम्मा तिच्या कोंबडीशी बोलायची, संगीशी बोलायची, माझ्याशीही बोलायची. मला वाटलं होतं आपण कंटाळू. मला तिथून उठवत नव्हतं. असे पंधरा दिवस गेले.

संगीच्या जाण्याच्या आदल्या दिवशी शिवम्मानं सहज माझ्याकडं वळून विचारलं, "याव ऊरु?" कोणतं गाव. मला कळलं. कळलं याचाच आधी धक्का बसला. मी संगीकडं बघितलं. ती माझ्यासाठी उत्तर देईल असं वाटलं होतं, पण ती मेथीची पानं खुडत राहिली. तिनं मान वर केली नाही. ती वाट बघत होती.

गाव कोणतं, हे मला गेली तीस वर्षं कुणीही विचारलं की मी बीड सांगते. फॉर्मवर तेच लिहिते. पण माझ्या नावावर तिथं आता काही नाही. घराच्या जागी मिलिंदनं सिमेंटची खोली बांधलीय, आत्याचा ओटा रस्त्यात गेला. तिथली बोलीही मी तोंडातून घासून काढलेली. मला नुसतं गावाचं नाव सांगायचं नव्हतं; हिचं जे गाव तेच माझं, असं म्हणायचं होतं, आणि त्याला शब्द अपुरे होते. होते तेवढे काढले. संगीकडं बोट केलं आणि म्हणाले, "नम्म ऊरु, इवर ऊरु." आमचं गाव, हिचं गाव. मध्ये काहीतरी राहिलं होतं, एवढं मलाही कळत होतं.

शिवम्मानं मान डोलावली आणि तिकडं यंदा पाऊस कसा आहे ते विचारलं. संगीनं निवडलेली मेथी माझ्या ताटलीत टाकली आणि पुढची जुडी सोडली.